देवीचा कोप गेला, मोबाइलचा आला

आपल्या आज्यांच्या काळी लेकराला गोवर आला की दारात कडुनिंबाचा डहाळा लागायचा आणि कोप उतरायची वाट पाहिली जायची. १९५६ च्या धम्मदीक्षेने, बावीस प्रतिज्ञांनी ही देवी आपल्या घरातून गेली. देवीचा रोगही लसीने गेला; भारतातला त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ चा.

मग आज वस्तीतली वीस-बावीस वर्षांची आई लेकराला टोचायला का कचरते? धर्म तिला अडवत नाही. मोबाइल अडवतो. 'लस घेतली तर पुढे मूल होत नाही' हे कुणी लिहिले त्याचा पत्ता नसतो. पण पाठवणारा मावसभाऊ असतो, म्हणून खरे वाटते. ऐकीव आहे किंवा सांगणारा आपला आहे एवढ्यावरून मानू नका, हे कालाम सुत्त आपण विहारात वाचतो.

तरी या मुलींना अडाणी म्हणणे आम्हाला पटत नाही. ज्या वस्तीशी सरकारी माणूस पिढ्यान्‌पिढ्या लांबूनच बोलला, तिथल्या अविश्वासाला कारण आहे. त्यावरचा उपाय आपल्याच जिल्ह्यात सापडला. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. पुष्कळ जणी निरक्षर, कित्येक दलित. लसीचे, बाळंतपणाचे, जुलाबाचे ज्ञान डॉक्टरांकडेही होतेच. शेजारणीच्या तोंडून आले तेव्हा गावाने ते घेतले.

आज ती शेजारीण म्हणजे आशाताई. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसीनंतर बाळाला एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. हे आधी सांगितले नाही, तर तोच ताप अफवेचा पुरावा ठरतो. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या वस्त्यांत गोवराने मुले दगावली, हे विसरू नये.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते. आठवड्यातून एकदा वंदनेनंतर आशाताईंना पंधरा मिनिटे द्यावीत. तरुणांनी आलेला मेसेज तिथे मोठ्याने वाचावा. ताईंना उत्तर येत नसेल तर त्यांनी उपकेंद्रातल्या सिस्टरला विचारून पुढच्या वेळी सांगावे. आणि बापांनाही बोलवा. 'नको टोचायला' हा शब्द बऱ्याच घरांत त्यांचाच असतो.