झाकली मूठ कुणाची?

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. आणि आजारपणाच्या बाबतीत ही म्हण मराठी घरांनी फारच मनावर घेतलेली आहे. मुलीला आकडी येते, हे सख्ख्या मामालाही कळू द्यायचे नसते. थोरल्या भावाला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचे, पण शेजाऱ्यांना सांगायचे की डोकेदुखीचे औषध चालू आहे. कोडाचा डाग दंडावर दिसू लागला की भर उन्हाळ्यात लांब बाह्या. यात नुसता भित्रेपणा असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. आकडी म्हणजे अपस्मार. हिंदू विवाह कायद्यात विवाहाला बाधा आणणाऱ्या गोष्टींच्या यादीत तो १९९९ पर्यंत होता, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून थेट २०१९ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होते. कायदाच जिथे आजार मोजून बसला होता, तिथे आईबापांनी मूठ झाकली तर त्यांना दोष कसा द्यायचा?

पण झाकलेल्या मुठीची किंमतही मोठी असते. डॉक्टर दहा मिनिटे देतात. प्रश्न उरतात ते नंतरचे. मुलीला शाळेच्या सहलीला पाठवावे का? रात्री अंथरुणात झटका आला तर कळणार कसे? औषधाने ती सुस्तावते, हे सांगायचे की सोसायचे? याची उत्तरे त्याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या एखाद्या आईकडे असतात. म्हणून रुग्णांचे आणि त्यांच्या घरच्यांचे गट निघाले आणि आता ते मोबाइलवर आले. रात्री दोनला घाबरलेली आई प्रश्न टाकते आणि नांदेडहून किंवा न्यू जर्सीहून कुणीतरी जागे असलेले उत्तर देते. हा आधार खरा आहे. मात्र त्याच गटात दीडदोनशे अनोळखी माणसे असतात, प्रश्नाशेजारी आपला नंबर झळकत असतो आणि पडद्याचे छायाचित्र काढून पुढे धाडायला क्षणभर पुरतो. बोलावे तर बोभाटा, न बोलावे तर कोंडमारा, अशी ही अडचण आहे.

अडचण जुनी आहे. अमेरिकेत ओहायोमधील अ‍ॅक्रन गावी १९३५ साली 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा जन्म झाला. दारू सुटावी म्हणून दारुड्यांनीच एकमेकांना धरून राहण्याची ही चळवळ. तिच्या नावातच निनावीपणा आहे. सभेत माणूस पहिले नाव सांगतो आणि मग जे घरात कधी बोलला नाही ते बोलतो. आडनाव आणि हुद्दा बाहेर राहतात. वर्तमानपत्रांपुढे सभासदाने आपली ओळख उघड करू नये, असा त्यांचा दंडक आहे. वरवर पाहता हा लपवालपवीचा प्रकार वाटेल. वास्तविक इतका मोकळेपणा दुसऱ्या कुठल्या खोलीत क्वचितच आढळेल. दार लावून घेतलेले असते, म्हणूनच आत मने उघडतात.

याच्या अगदी उलट वाटेने गेलेलेही आहेत. अमेरिकेतील हेवूड बंधूंपैकी स्टीफन यांना १९९८ मध्ये एएलएस हा स्नायूंची हालचाल हळूहळू थांबवणारा आजार झाला. त्यांच्या भावांनी एका मित्राच्या साथीने २००४ साली 'पेशंट्सलाइकमी' ही संस्था सुरू केली. रुग्णांनी आपली लक्षणे, औषधे, मात्रा सारे संगणकावर एकमेकांपुढे मांडावे, झाकण्यापेक्षा वाटण्यात हित आहे, असा तिचा उघड पुरस्कार होता. २००८ मध्ये इटलीतील एका लहानशा अभ्यासातून लिथियमने एएलएसची गती मंदावते, अशी आशा निर्माण झाली. अनेक सभासदांनी ते औषध सुरू केले आणि आपल्या प्रकृतीच्या नोंदी ठेवल्या. औषध घेणाऱ्या १४९ जणांची तुलना न घेणाऱ्या ४४७ जणांशी करण्यात आली. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला: लिथियमचा उपयोग होत नाही. उत्तर निराशेचे होते, पण फोल आशेतून किती घरांची सुटका झाली असेल! मुठी झाकलेल्या असत्या तर हे कळले नसते.

मात्र त्याच संस्थेत २०१० साली निराळेच घडले. मनाच्या आजारांविषयी सभासद जिथे आपसांत बोलत, तिथे नील्सन या बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या कंपनीशी संबंधित खात्यातून यंत्राने सगळे लिखाण उतरवून घेतले जात असल्याचे आढळले. संस्थेने ते थांबवले आणि सभासदांना कळवले. त्याच वेळी, आपणही नावे काढून टाकलेली माहिती औषध कंपन्यांना विकतो, याची आठवण तिने करून दिली. ही गोष्ट तिने कधी लपवली नव्हती. तरी काही सभासद दुखावून निघून गेले. आपल्यासारख्या दुसऱ्याला सांगितलेले दुःख दुकानदाराच्या वहीत गेले, याचे ते दुखणे होते.

मग झाकणे बरे की उघडणे? आपल्याच भागातील दोन प्रकरणे शेजारी ठेवली तर उत्तर सापडते. गोव्यातील डॉमिनिक डिसोझा नियमित रक्तदान करीत. त्यातूनच त्यांना एचआयव्हीची लागण असल्याचे निघाले. १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि क्षयरोग्यांच्या जुन्या आरोग्यधामात ६४ दिवस एकटे ठेवले. त्यांचे नाव गोवाभर झाले, ते त्यांना कुणी न विचारता. दुसरे प्रकरण मुंबईचे. एका कामगाराला एचआयव्ही असल्यामुळे नोकरी नाकारली गेली. त्याला न्याय हवा होता, पण दाद मागायची म्हणजे नाव जगजाहीर होणार. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला नाव झाकून लढण्याची मुभा दिली. १९९७ च्या त्या निकालात अर्जदार 'एमएक्स' एवढाच आहे. काम करण्यास तो सक्षम असेल तर केवळ लागण झाली म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. एका निनावी माणसाने उघड्या न्यायालयात हजारोंचा प्रश्न सोडवला. पुढे २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यात अशी ओळख झाकण्याची तरतूदच झाली.

डॉमिनिक यांची गोष्ट मात्र तेवढ्यावर संपत नाही. सुटकेनंतर ते स्वतःहून लोकांपुढे उभे राहिले, बोलले, आणि मे १९९२ मध्ये मृत्यू येण्याआधी 'पॉझिटिव्ह पीपल' या संस्थेचा पाया घालून गेले. नाव तेच, आजार तोच. पहिल्यांदा ते हिसकावून घेतले गेले, दुसऱ्यांदा त्यांनी ते दिले. सारा फरक इथे आहे. मूठ झाकावी की उघडावी यापेक्षा ती कुणाची आहे, हा प्रश्न आधीचा. जिचा आजार, तिनेच कुणापुढे किती उघडायची ते ठरवावे.

इथे कायदा आपल्या मदतीला धावून येईल, अशा भरवशावर मात्र राहू नये. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहितीविषयीचा कायदा कंपन्यांना आणि संस्थांना बांधतो. एखाद्या व्यक्तीने घरगुती किंवा खासगी कामापुरती वापरलेली माहिती त्याच्या कक्षेत येत नाही, आणि जी माहिती आपण होऊन सार्वजनिक केली तीही नाही. नात्यातल्या कुणी 'काळजीपोटी' आपला निरोप दुसऱ्या गटात ढकलला, तर तिथे कायद्यापेक्षा रीतभात उपयोगी पडते. ही रीतभात अजून घडायची आहे.

तिची सुरुवात साध्या गोष्टींपासून करता येईल. गटात तपासणीचा अहवाल टाकताना नाव, पत्ता आणि रुग्णालयाचा क्रमांक झाकावा. प्रश्नाला त्यांची गरज नसते. दुसऱ्याचा अनुभव बाहेर सांगायचा झाला तर अनुभव सांगावा, माणूस सांगू नये. मुलांच्या बाबतीत तर अधिक जपावे. आज सात वर्षांच्या मुलाच्या आजाराची छायाचित्रे आई धीर मिळावा म्हणून टाकते. पण तो उद्या विशीत येईल, नोकरी मागायला जाईल. त्याच्या वतीने उघडलेली मूठ त्याला पुन्हा मिटता येणार नाही.

आणि एक गोष्ट उलट्या बाजूची. रुग्णाला पडदा हवा, पण जो औषध सुचवतो, गट चालवतो किंवा शिबिराचा खर्च उचलतो त्याला पडदा नको. निनावी गटात हमखास गुण येणारी पुडी विकणारा निनावी वैद्य हा रुग्णाच्या खासगीपणाचा गैरफायदा घेत असतो. त्याने आपले नाव, शिक्षण आणि हितसंबंध आधी सांगावेत. आपल्याकडे आज नेमके उलटे दिसते: पेशंटचे सगळे ठाऊक असते आणि पुडीवाल्याचे काहीच नाही.

शेजारच्या मुलीला आकडी येते, हे कधीतरी आपल्या कानावर येईल. त्या वेळी झटक्यात तिला कुशीवर वळवावे, तोंडात काही कोंबू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, एवढे आपल्याला माहीत असावे. आजाराविषयीचे हे ज्ञान जितके चव्हाट्यावर येईल तितके चांगले. ती मुलगी कोण, हे मात्र आपल्यापाशीच राहावे, तिला स्वतःला सांगावेसे वाटेपर्यंत.