तोफ रंगवा, पण ब्रश चाटू नका

दिवाळी जवळ आली की मावळात घरोघरी अंगणात मातीचे लोहगड-विसापूर उभे राहतात. मागे एक दहा वर्षांचा मुलगा खोकल्यासाठी दवाखान्यात आला, तर त्याचे ओठ हिरवे! किल्ल्यावरचा तोफगाडा रंगवताना ब्रशला टोक यावे म्हणून तो ब्रश ओठांत धरत होता. रंग होता दारे रंगवून उरलेल्या जुन्या डब्यातला. मी त्याला रक्तातील शिसे तपासायला पुण्याला पाठवले.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगात ते दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. शिशाने मुलांच्या मेंदूला होणारी इजा भरून येत नाही. अमेरिकेत १९२० च्या सुमारास घड्याळांना रेडियमचा रंग देणाऱ्या मुली अशाच ओठांनी ब्रशला टोक काढत. जबड्याची हाडे सडून त्यांतल्या कित्येक दगावल्या.

तरीही पालकहो, हा छंद मोडू नका. हात आणि नजर स्थिर करणारा हा खेळ आहे. मुलांना शाळेतले पाण्याचे रंग द्या, ब्रशचे टोक ओल्या फडक्यावर काढायला शिकवा आणि फराळाआधी हात साबणाने धुवायला लावा. जुना डबा मात्र त्यांच्या हाती लागू देऊ नका.