संमतीपत्र नाल्याच्या तोंडाशी लावा

जानेवारी 2018 मध्ये हजारो अकोलेकर मोर्णा नदीच्या पात्रात उतरले. जलकुंभी ओढून काढली, कचरा उचलला. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्या श्रमांची दखल घेतली. पण जलकुंभी पोसली जाते सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. शहराचे नाले नदीत येत राहिले, तर ती पुन्हा फोफावणारच. अमरावतीचीही घाण अशीच अंबा नाल्यातून पेढी नदीत जाते. मोर्णा काय, पेढी काय, दोघींचे पाणी शेवटी पूर्णा नदीलाच मिळते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले 53 एकट्या महाराष्ट्रातले, इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. पेढी आणि पूर्णा त्या यादीत होत्या. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आठवला की याचे गांभीर्य कळते: जमिनीखालचे पाणी खारे आणि नदीतले नासलेले, मग गावाने प्यायचे काय?

कायदा नाही असे नाही. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम 25 नुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय सांडपाणी सोडता येत नाही. किती, कुठे आणि कोणत्या प्रतीचे, हे संमतीपत्रात ठरते. हा नियम एमआयडीसीतल्या कारखान्याला लागू आहे, तसाच महापालिकेलाही. मात्र अटी मोडणाऱ्या कारखान्याची वीज तोडता येते. शहराला कुलूप लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये सांडपाणी प्रक्रियेसाठी स्थानिक संस्थांना तीन वर्षांची मुदत दिली. ती केव्हाच उलटली.

त्यात आणखी एक पळवाट आहे. अर्जावर चार महिन्यांत निर्णय झाला नाही, तर संमती मिळाली असेच धरले जाते. मंडळात रिकाम्या खुर्च्या ठेवल्याने निर्णय रखडला, तर त्याची किंमत नदी मोजते.

लोकांच्या हाती मात्र एक हत्यार आहे, आणि ते फार कमी जणांना ठाऊक आहे. संमतीच्या अटींची नोंदवही ठेवणे मंडळाला बंधनकारक आहे आणि बाधित व्यक्तीला ती पाहण्याचा हक्क आहे. मंडळाला 60 दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः न्यायालयात तक्रार करू शकतो. पण नोंदवही पाहण्यासाठी भातकुलीच्या शेतकऱ्याने अमरावतीला खेटे का घालावेत? मंडळाच्या अमरावती आणि अकोला कार्यालयांनी ही नोंदवही मराठीत प्रसिद्ध करावी. प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी फलक लावून त्यावर संमतीची मुदत, परवानगी असलेले प्रमाण आणि गेल्या महिन्यातल्या तपासणीचे आकडे लिहावेत. सुरुवात अंबा नाल्यापासून व्हावी, येत्या पावसाळ्याच्या आत.