प्रौढ अपत्य आणि आयकराची वजावट

आयकराच्या आकारणीत मुलाबाळांचा विचार व्हावा की न व्हावा, हा वाद आपल्याकडे नवा नव्हे. 1950 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात विवाहित करदात्याची 3,000 रुपयांची करमुक्त मर्यादा दर अपत्यामागे 300 रुपयांनी, आणि तीही दोन अपत्यांपर्यंतच, वाढविण्याची तजवीज खुद्द सरकारनेच केली होती. ती सवलत कालांतराने लोपली, आणि धडधाकट मुले वयात आली म्हणजे आपापले मिळवू लागतात हे ध्यानी घेता तिच्यासाठी हळहळण्याचे कारणही नाही. प्रश्न आहे तो तिशी ओलांडल्यावरही ज्यास स्नानभोजनासाठी वृद्ध आईचा हात लागतो, अशा अपत्याचा.

त्याच्यासाठी 1961 च्या आयकर कायद्यात कलम 80 डीडी होते, आणि 2025 च्या कायद्यानेही ती तरतूद निराळ्या क्रमांकाखाली पुढे चालविली. अवलंबित अपत्याचे अपंगत्व निदान 40 टक्के असल्यास पालकाच्या उत्पन्नातून 75,000 रुपये, आणि 80 टक्के वा अधिक असल्यास 1,25,000 रुपये वजा व्हावेत, असा तिचा आशय. अपत्याच्या वयाची अट नाही, आणि रीतसर वैद्यकीय दाखला जवळ असला म्हणजे प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर वजावटीची रक्कम अवलंबून नाही. (2015 पासून हे आकडे तसूभरही हललेले नाहीत, ही तक्रार तूर्त बाजूस ठेवू.)

मात्र 2023-24 या वित्तीय वर्षापासून जी नवी करप्रणाली आपोआप लागू होते, तिच्यात या वजावटीस थारा नाही. सवलती छाटून दर उतरविले, कायदा सुटसुटीत केला, असे तिचे समर्थन; आणि विमा-बचतीच्या वजावटींपुरते ते मान्य करण्यास माझा प्रत्यवाय नाही, कारण त्या अमुक ठिकाणी पैसा गुंतवावा म्हणून दाखविलेले आमिष होत्या. परंतु अपंग मुलाचा सांभाळ कोणी आमिषाने करीत नाही, आणि एका दाखल्यावर मिळणारी ठरावीक रकमेची वजावट किचकटही नव्हे. मालकाने निवृत्तिवेतन योजनेत भरलेली रक्कम आणि अग्निवीर निधी यांस जिने जागा दिली, त्या प्रणालीस नेमकी येथेच सुटसुटीतपणाची आठवण व्हावी, हे आश्चर्य होय. 12 लाखांपर्यंतच्या पगारास नव्या प्रणालीत कर पडत नाही, हे खरे. पण त्याहून अधिक, परंतु एकसारखा, पगार मिळविणाऱ्या दोन अभियंत्यांपैकी एकाच्या घरी असा मुलगा असताना दोघांकडून सारखाच कर वसूल करणे, यास समता म्हणता येत नाही.

पगारदारास निदान दरसाल विवरणपत्र भरताना जुनी प्रणाली पत्करता येते. दुकानदार वा वकील बापास तेवढीही मुभा नाही. जुनी निवडून तो एकदा नव्या प्रणालीत परतला, की व्यवसाय चालू असेतोवर पुन्हा जुनीकडे वळण्याची वाट त्यास बंद होते. ही वजावट दोन्ही प्रणालींत लागू राहील, एवढे एक वाक्य आगामी वित्त विधेयकात घालण्यास कोणत्याही समितीची गरज नाही.