तासाला की दिवसाला?

पूर्वी मोठे आजारपण म्हटले की रुग्ण दवाखान्यातल्या खाटेवर आणि घरची माणसे डबा घेऊन बाहेरच्या बाकावर, असेच चित्र डोळ्यांसमोर येई. हल्ली ते बदलले आहे. रुग्ण लवकर घरी येतो आणि त्याच्याबरोबर औषध देणारे यंत्रही घरी येते. कमरेच्या पट्ट्यातली किंवा खांद्याच्या पिशवीतली एक लहानशी पेटी, तिच्यातून निघालेली बारीक नळी आणि त्या नळीतून थेंबाथेंबाने शरीरात जाणारे औषध. याला 'इन्फ्यूजन पंप' म्हणतात. पंप चालू असताना रुग्ण उठतो, जेवतो, नातवंडांशी बोलतो. आजारी माणसाला आपले घर आणि आपले अंथरूण मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

बंगळूरमध्ये असे रुग्ण अनेक घरांत भेटतील. होसूर रस्त्यावरच्या किदवई कर्करोग रुग्णालयात आणि शहरातल्या इतर मोठ्या रुग्णालयांत गावोगावचे लोक उपचारासाठी येतात. बेळगाव-निपाणीकडचे आईवडील बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलाकडे राहून उपचार घेतात. आतड्याच्या कर्करोगावरील काही उपचारांत फ्लुरोयुरॅसिल हे औषध सलग ४६ तास द्यावे लागते, ते अशा पंपातून घरी देता येते. आजार बरा होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांना वेदना कमी करणारे औषधही याच पद्धतीने त्वचेखाली देता येते. बंगळूरची 'करुणाश्रय' ही संस्था १९९४ साली स्थापन झाली. मराठहळ्ळी भागातल्या आपल्या शुश्रूषागृहात आणि रुग्णांच्या घरी जाऊनही ती अशा रुग्णांची विनामूल्य सेवा करते. मुंबईत वांद्र्याच्या शांती अवेदना सदनाने १९८६ साली देशात या कामाची सुरुवात केली होती.

सोय मोठी आहे, पण घरी परिचारिका नसते. तिच्या जागी सून असते, मुलगी असते, म्हातारा नवरा असतो. म्हणूनच या यंत्राविषयी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पक्की माहीत असायला हवी.

आज्ञाधारक यंत्र

पंपाला औषध कोणते आहे ते कळत नाही, रुग्ण कोण आहे तेही कळत नाही. त्याला एकच गोष्ट समजते, ती म्हणजे वेग. 'तासाला इतके मिलीलिटर' असे सांगितले की तो तेवढे ढकलत राहतो. आकडा चुकीचा असला तरी तो तेवढ्याच निष्ठेने काम करतो. बहुतेक साधे पंप नळी दुमडली, बॅटरी संपत आली किंवा पिशवी रिकामी झाली तर शीळ घालतात. वेगच चुकीचा भरला असेल तर मात्र ते गप्प राहतात.

आणि वेगाची सर्वांत मोठी चूक घडते ती एका साध्या भागाकारात. डॉक्टर औषध पुष्कळदा दिवसाच्या हिशेबाने लिहितात आणि पंप तासाचा हिशेब मागतो. दिवसाच्या आकड्याला २४ ने भागायचे राहून गेले, की औषध चोवीसपट वेगाने जाते.

ही केवळ कल्पना नव्हे. कॅनडातल्या एडमंटन शहरात २००६ साली एका महिलेला हेच फ्लुरोयुरॅसिल चार दिवस हळूहळू द्यायचे होते. वेग होता दिवसाला २८.८ मिलीलिटर, म्हणजे तासाला १.२. औषधाच्या चिठ्ठीवर दोन्ही आकडे छापलेले होते. पंपात भरला गेला २८.८. दुसऱ्या परिचारिकेने तपासणी केली, तरी चूक निसटली. चार दिवसांचे औषध चार तासांत शरीरात गेले आणि काही आठवड्यांत ती महिला दगावली. औषधसुरक्षेचे काम करणाऱ्या तिथल्या संस्थेने पुढच्या वर्षी सविस्तर अहवाल काढला. दोघी परिचारिका अनुभवी होत्या. पण २८.८ हा आकडा चिठ्ठीवर समोरच दिसत होता, आणि समोर दिसणाऱ्या आकड्यावर माणसाचा विश्वास चटकन बसतो.

ब्रिटनमध्येही हाच चोवीसचा घोळ दुसऱ्या रूपाने अनेक वर्षे चालला. तिथे ग्रेसबी कंपनीचे दोन सिरिंज पंप सर्रास वापरात होते. दिसायला जवळजवळ सारखे, पण एकाचा वेग 'तासाला इतके मिलीमीटर' असा लावायचा आणि दुसऱ्याचा 'चोवीस तासांना इतके मिलीमीटर' असा. एकाच्या जागी दुसरा हाती आला की अनर्थ. शेवटी २०१० साली तिथल्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने असे मिलीमीटरवर चालणारे पंप टप्प्याटप्प्याने बंद करण्याची सूचना दिली.

घरी निघण्यापूर्वी

पंप जोडून झाल्यावर "काही विचारायचंय का?" असे परिचारिका विचारते आणि आपण संकोचाने मान हलवतो. तसे करू नये. चार गोष्टी विचारून कागदावर मराठीत, आपल्या हाताने लिहून घ्याव्यात.

पहिली: औषध एकूण किती मिलीलिटर आहे?

दुसरी: वेग तासाला किती आहे? भाषेची अडचण असेल तर कन्नडमध्ये "गंटेगे एष्टु?" एवढे दोन शब्द पुरतात. त्याचा अर्थ 'तासाला किती?'

तिसरी: औषध कोणत्या दिवशी, किती वाजता संपायला हवे?

चौथी: रात्री-अपरात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा?

आता तिथेच बसून हिशेब करावा. एकूण मिलीलिटरना तासाच्या वेगाने भागले की पंप किती तास चालेल ते कळते. हे उत्तर तिसऱ्या उत्तराशी जुळले पाहिजे. वरच्या उदाहरणात पिशवीत साधारण ११५ मिलीलिटर होते. १.२ ने भागले तर ९६ तास, म्हणजे चार दिवस येतात. २८.८ ने भागले तर अवघे चार तास. चौथीतल्या मुलालाही हा फरक दिसेल. आकडा बरोबर आहे का, हे आपल्याला सांगता येणार नाही. पण 'चार दिवस चालेल' असे सांगितलेली पिशवी चार तासांत संपणार असेल, तर ते मात्र सांगता येते. हिशेब जुळला नाही तर जागेवरून उठू नये. विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही.

निघण्यापूर्वी नळीवरची चाप उघडी आहे का, नळीत हवा नाही ना आणि सुईची जागा चिकटपट्टीने नीट बसवली आहे ना, हेही परिचारिकेकडून दाखवून घ्यावे. पंप कसा थांबवायचा ते तिच्यासमोर आपण करून दाखवावे. नुसते ऐकलेले घरी पोचेपर्यंत विसरते.

घरातला तक्ता

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरशेजारी एक कागद लावावा. समजा, पंपात ४८ मिलीलिटर औषध आहे, वेग तासाला २ आणि सुरुवात सकाळी १० ला झाली. मग शिल्लक अशी हवी: दुपारी २ ला ४०, संध्याकाळी ६ ला ३२, रात्री १० ला २४, पहाटे २ ला १६, सकाळी ६ ला ८ आणि १० वाजता शून्य. समोर प्रत्यक्ष दिसणारी शिल्लक लिहावी आणि ज्याने पाहिले त्याने सही करावी. घरात पाळी लावून काम वाटले, तर एकाच बाईच्या डोक्यावर सारा भार येत नाही.

पहिल्या तासात मात्र दोनदा पाहावे, एकदा अर्ध्या तासाने आणि एकदा तासाने. वेग चोवीसपट लागला असेल, तर या पंपातले सगळे औषध पहिल्या तासातच संपेल. तेव्हा चार तासांनी पाहून उपयोग नाही. बरोबर वेगात एका तासात फक्त २ मिलीलिटर कमी व्हायला हवेत.

पाहताना सुईची जागाही पाहावी. लाली, सूज, आग किंवा ओल दिसली तर कळवावे. झोपताना पंप रुग्णाच्या अंगाच्या पातळीला, उशीजवळ ठेवावा. उंच फळीवर ठेवू नये. सिरिंज पंपातली सिरिंज नीट बसलेली नसेल आणि पंप उंचावर असेल, तर औषध आपल्या वजनानेच खाली ओढले जाऊ शकते. अंघोळीच्या वेळी काय करायचे ते आधी विचारून ठेवावे. रिक्षातून चढता-उतरताना नळी दारात अडकणार नाही, असे पाहावे. लहान मुलांना पंपाच्या बटणांपासून दूर ठेवावे. जादा बॅटरी घरात असावी.

फुग्याचा पंप

काही पंपांत बॅटरी नसते, बटणे नसतात. पारदर्शक कवचात औषधाने भरलेला एक रबरी फुगा असतो. तो आक्रसत जातो तसे औषध पुढे सरकते. इथे आकडा चुकीचा भरण्याचा प्रश्न घरी येत नाही, पण वेग तापमानावर अवलंबून असतो. नळीच्या टोकाजवळ वेग आवरणारा एक छोटा भाग असतो. तो त्वचेला चिकटवलेला राहिला पाहिजे, कारण अंगाची ऊब धरूनच त्याचा वेग ठरवलेला असतो. तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवली तर औषध वेगाने जाते, थंडी लागली तर रेंगाळते. बंगळूरच्या हवेत वावरणाऱ्याने विदर्भाच्या उन्हाळ्यात प्रवास केला तर फरक पडू शकतो. फुगा पांघरुणात गुंडाळू नये आणि उन्हात ठेवू नये. सकाळ-संध्याकाळ तो लहान होतो आहे ना, एवढे पाहावे. संपायची वेळ थोडी मागे-पुढे होऊ शकते, ती किती चालेल हे विचारून ठेवावे.

पंप थांबला तर, पंप धावला तर

पंप थांबला तर आधी नळी कुठे दुमडली आहे का, चाप बंद झाली आहे का, बॅटरी संपली का, ते पाहावे. त्यातून सुटला नाही तर फोन करावा. मागे राहिलेले औषध भरून काढण्यासाठी वेग कधीही वाढवू नये. मधुमेहाच्या इन्सुलिन पंपाची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्यात फक्त झटपट काम करणारे इन्सुलिन असते. नळी निघाली तर काही तासांतच साखर चढते आणि रक्तात घातक आम्ल साठू लागते. म्हणून अशा घरात इन्सुलिनचे पेन आणि साखर मोजण्याचे यंत्र नेहमी हाताशी हवे.

पंप धावला असे वाटले, तर शिकवल्याप्रमाणे तो थांबवावा, चाप बंद करावी आणि लगेच फोन करावा. सुई आपण काढू नये. पिशवी, नळी आणि पंप टाकून देऊ नये, बरोबर न्यावेत. वेदनाशामक औषध घेणारा रुग्ण हाका मारूनही जागा होत नसेल, श्वास फार मंद झाला असेल, तर १०८ ला फोन करावा.

कर्करोगाच्या औषधात आणखी एक फसवा प्रकार असतो. औषध भरभर गेले तरी पहिल्या दिवशी रुग्णाला काहीच वाटत नाही. तोंड येणे, जुलाब, रक्तातल्या पेशी घसरणे हे सारे नंतर सुरू होते. "आत्ता तर बरं वाटतंय, सोमवारी दाखवू" असे म्हणून थांबू नये. फ्लुरोयुरॅसिलच्या जादा मात्रेवर युरिडीन ट्रायॲसिटेट या उताऱ्याला अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली. पण तोही औषध संपल्यापासून ९६ तासांच्या आत सुरू करावा लागतो. इथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

हे औषध सांडले तर उघड्या हाताने पुसू नये. हातमोजे घालून कागदाने टिपावे, जागा साबणाने धुवावी आणि वापरलेले सारे पिशवीत बांधून रुग्णालयात परत द्यावे. सुया घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. यंत्रात बिघाड झाला असे वाटले तर त्याची नोंद करता येते. वैद्यकीय उपकरणांच्या दोषांची नोंद ठेवणारी देशव्यापी व्यवस्था २०१५ पासून सुरू आहे आणि १८००-१८०-३०२४ या मोफत नंबरवर तक्रार घेतली जाते.

या साऱ्यात डॉक्टरकीचे ज्ञान कुठेच लागत नाही. दूधवाल्याचा आणि वाण्याचा हिशेब महिन्याच्या महिन्याला चोख ठेवणारी गृहिणी हा हिशेबही ठेवू शकते. औषध कोणते आणि किती, ते डॉक्टरांनी ठरवावे. पिशवी कधी संपणार हे मात्र घरातल्या माणसांना पाठ असावे, आणि पंप जोडला जात असताना त्यांच्यातल्या एकाने तरी न संकोचता विचारावे: हा आकडा तासाचा की दिवसाचा?