गुणवत्तेचा मुकादम

परवा एका नाट्यपरिसंवादाला गेलो होतो. पाळी संपवून तसाच गेलो, म्हणून मागं भिंतीला टेकून उभा राहिलो. एक नामवंत समीक्षक बोलत होते. विषय राखीव जागांवर घसरला, तिथनं पुरस्कारांवर. साहेब म्हणाले, कलेत जात आणू नका. आयर्लंडकडं बघा. एवढासा देश, पण दरवर्षी नाटकांना पुरस्कार देतो. तीन परीक्षक वर्षभर देश पालथा घालतात, नाटकं बघतात आणि उत्तम तेवढं उचलतात. कोटा नाही, सवलत नाही, रडगाणं नाही. निव्वळ गुणवत्ता!

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आपली दोन पोरंही होती. हे मी त्या पोरांसाठी लिहितोय. साहेबांना समजावण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या, तिसरी घालवायची नाही.

साहेबांनी आयर्लंडचं नाव घेतलंय ना? मग चला आयर्लंडलाच. आम्हीही थोडंफार वाचतो.

या पुरस्कारांचं नाव आयरिश टाइम्स आयरिश थिएटर अवॉर्ड्स. १९९७ पासून देतात. देणारं वर्तमानपत्र डब्लिनचं, १८५९ साली निघालेलं. पुढं ते इंग्रजांच्या राज्याच्या बाजूचं झालं. १९१६ साली डब्लिनात उठाव झाला, तेव्हा बंडवाल्यांना कडक शिक्षा करा म्हणून याच पत्रानं लिहिलं. आज ते तसं राहिलं नाही, हे मान्य. पण गुणांची वही कुणाच्या हातात आहे आणि तो हात कुठून आलाय, एवढं विचारायचा हक्क कुणालाही आहे.

तीन परीक्षक अख्ख्या बेटावरची व्यावसायिक नाटकं बघतात, हे खरं. चांगली गोष्टही सांगतो. तिथं नट आणि दिग्दर्शकापाशी काम संपत नाही. नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, वेशभूषा, सगळ्यांना पुरस्कार असतो. आपल्याकडं दिवेवाल्याचं नाव जाहिरातीत भिंग लावून शोधावं लागतं. परीक्षक लबाड आहेत असंही मी म्हणत नाही. प्रामाणिक असतील. माझा सवाल त्यांच्या प्रामाणिकपणाचा नाहीच.

माझा सवाल असा आहे. परीक्षक तोलतो ते रंगमंचावर आलेलं. दारात अडवलेलं तोलायला त्याच्याकडं तराजू कुठाय? परत पाठवलेलं नाटक, तालमीला यायला भाडं नाही म्हणून सुटलेला नट, पोर कडेवर घेऊन लिहिता लिहिता राहून गेलेली बाई, हे कुठल्या रांगेत बसलेत? तिन्ही परीक्षक देवमाणसं असली तरी त्यांच्यापुढं येतं ते चाळणीतून खाली पडलेलं. चाळणी कुणी धरली होती ते त्यांना दिसत नाही.

हे मला पुस्तकातनं कळलं नाही. गोदीच्या गेटवर कळलं. आम्ही कंत्राटी पोरं सकाळी गेटवर उभी राहतो. मुकादम येतो, नावं पुकारतो. वीस पाहिजेत, साठ उभे असतात. ज्याचं नाव आलं तो आत. बाकीचे चहा मारून घरी. संध्याकाळी मुकादम शेठला सांगतो, आजची टोळी एक नंबर होती. असेल की! पण घरी गेलेल्या चाळीसजणांच्या अंगात काय होतं, ते शेठला कधी कळायचं? आणि कुणाचं नाव आधी येतं, कुणाच्या गावचं, कुणाच्या भावकीचं, ते तर गेटवरच्या चहावाल्यालाही पाठ आहे.

डब्लिनच्या धक्क्यावर हेच चालायचं. त्याला ‘रीड’ म्हणत. स्टीव्हडोअर उंचावर उभा राहून नावं वाचायचा आणि खाली माणसांचा घोळका वर तोंड करून ऐकायचा. नाव वाचलं गेलं तर त्या दिवशी चूल पेटली. आता त्याच गोद्यांच्या भागात, ग्रँड कॅनॉल डॉकला, काचेचं झगझगीत थिएटर उभं आहे. २०१० साली उघडलं. दोन हजारांवर खुर्च्या. हमाल गेले, पण नाव वाचायची रीत राहिली. फरक एवढाच की आता ती सूट घालून माइकवर वाचतात.

साहेब, तुमच्या आयर्लंडचा सगळ्यात मोठा कामगार नाटककार तुम्हाला ठाऊक असेल. शॉन ओकेसी. १८८० सालचा, डब्लिनचा. डोळे अधू, शाळा नावापुरती. रेल्वेच्या कामावर मजुरी केली, फावडं मारलं. १९१३ साली मालकांनी डब्लिनात टाळेबंदी केली. जिम लार्किनची युनियन सोडा, नाहीतर काम सोडा, असा हुकूम. वीस हजारांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले. ओकेसी त्या लढ्यातला माणूस.

हा माणूस नाटकं लिहून ॲबी थिएटरला देत होता. ॲबी म्हणजे त्यांची राष्ट्रीय रंगभूमी. १९०४ साली येट्स आणि लेडी ग्रेगरी या मंडळींनी उघडलेली. ॲबीनं त्याची नाटकं परत केली. एक नाही, तीन-तीन. १९२३ साली ‘द शॅडो ऑफ अ गनमन’ लागलं तेव्हा गडी त्रेचाळीस वर्षांचा होता आणि अजून मजुरीच करत होता. मग त्याच्याच नाटकांनी ॲबीची तिकीटखिडकी भरली. १९२६ च्या ‘द प्लाऊ अँड द स्टार्स’ला थिएटरात दंगा झाला. आणि एवढं झाल्यावरही १९२८ साली त्याचं ‘द सिल्व्हर टॅसी’ ॲबीनं परत केलंच.

आता सांगा, गुणवत्ता कधी होती आणि कधी नव्हती? हात तोच, माणूस तोच. १९२० साली तो नालायक आणि १९२३ साली थोर? १९२६ साली थोर आणि १९२८ साली पुन्हा नालायक? मधल्या काळात दार उघडलं आणि मिटलं, त्याला तुम्ही गुणवत्ता म्हणताय. त्याला इंग्लंडात हॉथॉर्नडेन पुरस्कार मिळाला १९२६ साली. तो तिकडं गेला आणि तिकडंच राहिला. म्हातारपणी ब्रिटिश सरकारनं किताब देऊ केला. म्हाताऱ्यानं घेतला नाही. २०२३ साली गॉलवेच्या ड्रुइड मंडळीनं त्याची तीन नाटकं एकत्र करून थाटात लावली. मेलेला मजूर सगळ्यांनाच आवडतो. तो गेटवर गर्दी करत नाही.

हा झाला जुना हिशेब. आता नवा घ्या. २०१६ साली उठावाला शंभर वर्षं होणार, म्हणून ॲबीनं २०१५ च्या ऑक्टोबरात वर्षाचा कार्यक्रम जाहीर केला. नाव दिलं ‘वेकिंग द नेशन’, म्हणजे राष्ट्राला जागं करणं. दहा नाटकं. त्यात बाईनं लिहिलेलं किती? एक. राष्ट्र जागं करायला निघाले आणि अर्धं राष्ट्र गेटबाहेर! लियान बेल नावाची नेपथ्यकार बाई उठली आणि तिनं उघड विचारलं, हे काय चाललंय? बघता बघता शेकडो बायका बोलायला लागल्या. १२ नोव्हेंबर २०१५ ला ॲबीच्याच सभागृहात त्यांनी सभा भरवली. हॉल गच्च. चळवळीला नाव पडलं ‘वेकिंग द फेमिनिस्ट्स’. मालकाचाच शब्द उचलून मालकाच्या तोंडावर मारला.

पण नुसत्या घोषणा देऊन त्या घरी गेल्या नाहीत. त्यांनी मोजलं. २००६ ते २०१५, दहा वर्षं, सरकारी पैसा सगळ्यात जास्त घेणाऱ्या दहा नाट्यसंस्था. कोण लिहितं, कोण बसवतं, कोण दिवे लावतं. २०१७ साली आकडे छापले. लेखकांत बायका २८ टक्के. ॲबीत १७. गेट थिएटरात ६. ध्वनिसंयोजनात ९ टक्के. आणि कपडे शिवण्या-बेतण्यात? ७९ टक्के! सुई बाईच्या हातात, लेखणी बाप्याच्या. आणि सगळ्यात जळजळीत गोष्ट अशी की जिथं सरकारी पैसा जास्त, तिथं बाई कमी.

आता नीट बघा, पोरांनो. ती दहाही वर्षं हे पुरस्कार चालूच होते. परीक्षक फिरत होते, नावं वाचली जात होती, टाळ्या पडत होत्या. तुम्ही म्हणता ती निव्वळ गुणवत्ता दरवर्षी तोलली जात होती. पण हा हिशेब समारंभाच्या मंचावरनं आला नाही. तो आला भांडणाऱ्या बायकांच्या सभेतनं. त्यानंतर हालचाल झाली. २०१७ साली गेट थिएटरच्या इतिहासात पहिल्यांदा कलासंचालकाच्या खुर्चीत बाई बसली, सेलिना कार्टमेल. २०१८ साली दहा नाट्यसंस्थांनी स्त्री-पुरुष समानतेची धोरणं जाहीर केली. साहेब ज्याला रडगाणं म्हणतात, त्या रडगाण्यानं दार उघडलं. बक्षिसानं नाही.

आणि त्या दाराच्याही बाहेर कोण उभं होतं? ट्रॅव्हलर. हे आयर्लंडमधले भटके. पिढ्यान्‌पिढ्या गाड्यांतून फिरणारे, पत्र्याची भांडी करणारे, डाक लावणारे. त्यांची वेगळी बोली, वेगळी रीत. आपल्या कैकाडी, वडारांना हे सांगायला नको. १९६३ साली सरकारनं त्यांच्यावर आयोगाचा अहवाल काढला. आयोगात ट्रॅव्हलर एकही नाही. हा माणूस म्हणजे एक अडचण, ती कशी मिटवावी, एवढाच विचार. २०१० च्या आरोग्य पाहणीत दिसलं की ट्रॅव्हलर पुरुष इतरांपेक्षा पंधरा वर्षं आधी मरतो. २०२२ च्या जनगणनेत त्यांची संख्या ३२,९४९. त्यांना वेगळा वांशिक समाज म्हणून मान्यता मिळायला १ मार्च २०१७ उजाडावा लागला.

रंगभूमीवर मात्र ट्रॅव्हलर केव्हाचा आहे! जे. एम. सिंगनं शंभर वर्षांपूर्वी ‘द टिंकर्स वेडिंग’ लिहिलं. म्हणजे पात्र म्हणून चालतो, तमाशा म्हणून चालतो. लेखक म्हणून? रोझलीन मॅकडोना या ट्रॅव्हलर बाई. अपंग, स्वतःच्या समाजाबद्दल स्वतः लिहिणाऱ्या. त्यांचं ‘वॉल्स अँड विंडोज’ ॲबीत लागलं २०२१ साली. १९०४ ते २०२१, एकशे सतरा वर्षं. एवढी वर्षं त्या समाजाच्या बायकांत गुणवत्ता नव्हती का? का ती यायची वाट चुकली? ॲबीचा पत्ता सापडला नाही?

पोटाचंही सांगतो. २०१९ च्या जानेवारीत तीनशेहून जास्त रंगकर्मींनी मंत्र्याला पत्र लिहिलं, की ॲबीच्या धोरणामुळं आमचं काम कमी झालंय, आमची कमाई आटलीय. यातही बक्षीस कुणी मागितलं नव्हतं, काम मागितलं होतं. मग २०२२ साली तिथल्या सरकारनं एक योजना काढली. दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षं. नऊ हजारांवर अर्ज आले. निवड कशी केली असेल? परीक्षक बसवले? गुण दिले? नाही. अर्ज पात्र आहे की नाही एवढं बघितलं आणि चिठ्ठ्या टाकल्या! चिठ्ठी टाकणं म्हणजे न्याय असं मी म्हणत नाही. ज्याची निघाली नाही तो उपाशीच. पण साहेब, तुमच्या लाडक्या आयर्लंडनंही भाकरी वाटायची वेळ आली तेव्हा गुणवत्तेचा तराजू बाजूला ठेवला, हे तुम्ही परिसंवादात का सांगितलं नाही?

कारण तुम्हाला आयर्लंड नकोच आहे. तुम्हाला आमच्या तोंडावर मारायला एक शब्द पाहिजे. पूर्वी तो शब्द ‘पावित्र्य’ होता, आता ‘गुणवत्ता’ आहे. पूर्वी आम्ही देवळाबाहेर होतो, आता यादीबाहेर.

अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’ला राज्य सरकारनं पुरस्कार दिला. १९६९ साली अण्णा भाऊ गरिबीतच गेले. पुरस्काराच्या कागदाला चुलीत घातलं तर भात शिजत नाही. आणि भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव उघड्यावर रंगले, ते कुठल्या परीक्षकानं बघितले? गॅसबत्तीच्या उजेडात बसलेल्या माणसांनी बघितले आणि ती माणसं मेलेली जनावरं ओढायची सोडून उठली. नाटकाचं काम ते हेच. त्याची बाहुली कोण घडवणार?

तेव्हा मराठी नाटकांचे पुरस्कार वाटणाऱ्या सगळ्यांना आमचा सरळ सवाल आहे:

१. गेल्या दहा वर्षांत तुम्ही कुणाची नाटकं बघितली, कुणाला नामांकन दिलं, परीक्षक म्हणून कुणाला बसवलं, ते जातीनिहाय आणि बाई-बाप्यानिहाय छापा. डब्लिनच्या बायकांनी करून दाखवलंय. तुमच्याकडं पेन नसेल तर आम्ही देतो.

२. परत केलेली नाटकं कपाटातनं बाहेर काढा. का परत केली ते लिहून द्या.

३. बाहुली देण्याआधी पडदा ओढणाऱ्याची, सेट उचलणाऱ्याची मजुरी द्या. ती वेळेवर द्या.

आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या दोन पोरांना एवढंच. उद्या तुमचंही नाव वाचलं जाईल. वाचलं जावंच, तुम्ही लिहिता चांगलं. पुरस्कार घ्या की लाथाडा, तुमची मर्जी. पण घेतलात तर त्या माइकवर आईबापाचे आणि आयोजकांचे आभार मानून खाली उतरू नका. गेटवरनं घरी गेलेल्या चाळीसजणांची नावं वाचा. सगळी वाचा. दिवे बंद केले तरी वाचत राहा.

मुकादमाला एकदा तरी कळू दे, गेटबाहेर माणसं उभी आहेत.

जयभीम.