तिघांची बैठक

रॉक म्हणजे नुसता गोंगाट, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मुंबईतल्या एका छोट्या क्लबात मी तिघांचा बँड अगदी जवळून ऐकला आणि मला आपली बैठकच आठवली. गिटार, बास, ड्रम्स. चौथे कोणी नाही. गिटारवाला रंगात आला की मागची पोकळी बासवाल्यानेच भरून काढायची. चूक लपवायला जागाच नाही!

पुढे जगभर गाजलेले ‘द पोलिस’ हे लंडनचे त्रिकूट १९७८ साली अमेरिकेत प्रथम वाजले, तेही न्यूयॉर्कच्या ‘सीबीजीबी’ या चिंचोळ्या क्लबात. २००६ साली तो क्लब बंद पडला. स्टेडियममध्ये कलावंत मिरवतो. घडतो मात्र अशा खोल्यांत. त्या टिकायच्या तर तिकीट काढून येणारे रसिक हवेत. घरातल्या तरुणांबरोबर एकदा जाऊन तर बघा!